‘इंजिन गेलं’ म्हणण्याआधी



या वेळी पाण्याच्या टाकीच्या बॉलकॉकवर लिहायचे ठरवले होते. तेवढ्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एक पत्र आले आणि बॉलकॉक पुढच्या महिन्यावर गेला. पत्र लिहिणाऱ्या मुलीची परवानगी घेऊन, नावगाव गाळून, ते थोडक्यात देतो.

“मोहतरम चाचा, आमच्याकडे १९९२ सालची मारुती ८०० आहे. अब्बांची. मे महिन्यात अब्बांचा इंतकाल झाला, तेव्हापासून गाडी पडवीत उभी होती. अम्मी इद्दतमध्ये, दोन्ही भाई कुवेतला, त्यामुळे कुणी तिला हात लावला नाही. आता इद्दत संपली. अम्मीला शुगर आहे, गुडघे धरलेत, दर महिन्याला तालुक्याला न्यावे लागते. रिक्षावाला जाऊन-येऊन नऊशे रुपये घेतो. मला गाडी चालवता येते, अब्बांनीच शिकवली, लायसन्स आहे. बॅटरी चार्ज करून आणली. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पेट्रोलचा वासही येतो, पण गाडी सुरू होत नाही. मेकॅनिकला बोलावले. त्याने बॉनेट उघडून पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, इंजिन जाम झाले, बोअरचे काम निघेल, पस्तीस हजार लागतील. त्यापेक्षा मला बारा हजाराला देऊन टाका. भाई म्हणतात, देऊन टाक. अम्मी काहीच बोलत नाही. मी काय करू?”

पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की अर्धे उत्तर पत्रातच आहे. मेकॅनिक म्हणतो इंजिन जाम झाले, आणि ही मुलगी लिहिते सेल्फ मारला की इंजिन फिरते. जाम झालेले इंजिन फिरत नाही. पिस्टन बोअरमध्ये धरला असेल तर सेल्फ एकदा ‘टक्’ करतो आणि तिथेच थांबतो, दिवे मंद होतात. फिरणाऱ्या इंजिनाला आणखी हजार रोग असू शकतात, पण जाम हा त्यातला नव्हे.

मेकॅनिकने मुद्दाम खोटे सांगितले, असे मी म्हणणार नाही. आजची पोरे इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेली. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, सेन्सर बदलायचा. कार्बोरेटरच्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही. पॉइंट म्हणजे काय, हे ज्याने हाताने कधी पाहिले नाही त्याला ‘इंजिन गेलं’ हेच सर्वात सोपे निदान वाटते. पण ज्याने निदान केले तोच गिऱ्हाईक होऊन उभा राहिला, की दुसऱ्या कुणाला तरी दाखवावे, एवढे शहाणपण आपण ठेवायला हवे.

आणि इथे प्रश्न नुसता गाडीचा नाही. अब्बांच्या माघारी ती गाडी तरक्यात आली. मी मुफ्ती नव्हे, मिस्त्री आहे, तेव्हा हिश्श्यांचा पक्का हिशेब आलिमांकडून करून घ्यावा. पण आजी-आजोबा हयात नाहीत असे धरले तर अम्मीचा आठवा हिस्सा निघतो आणि उरलेल्याचे पाच भाग होतात, दोन्ही भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. बारा हजारांत अम्मीच्या वाट्याला दीड हजार आणि मुलीच्या वाट्याला एकवीसशे. चालू गाडी मेलेली म्हणून विकली गेली, तर तो तोटा सर्वात आधी त्यांच्याच पदरात पडतो ज्यांना गाडी रोज लागणार आहे. म्हणून कुवेतच्या भावांना मी निरोप धाडला, की एक आठवडा थांबा, ती गाडी जिवंत आहे की नाही ते तुमची बहीण स्वतः पाहील.

मग फोनवर आमचे काम सुरू झाले. सोबतीला तिचा खालाजाद भाऊ होता, बारावीतला. तो चावीवर, ही बॉनेटपाशी. आधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. ओढणी कमरेला खोचलेली, हातातल्या बांगड्या काढलेल्या. गाडी पडवीतून ढकलून उघड्यावर आणलेली, आणि अंगणातली चूल विझवलेली. पेट्रोलच्या कामात ही तयारी आधी, बाकी सगळे नंतर. उंट बांधण्याची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला सुरू व्हायला फार काही लागत नाही. पेट्रोल-हवेचे मिश्रण, ते दाबले जाणे, आणि बरोबर वेळेला ठिणगी. गाडी सुरू होत नाही म्हणजे यातले काहीतरी एक नाही. ते कुठले, हे शोधायचे. अंदाजाने सामान बदलत सुटायचे नाही. शिवाय एका वेळी एकच गोष्ट करायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशाने सुरू झाली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच.

पहिली तपासणी मी तिला सांगितली ती फुकटची. डिस्ट्रिब्युटर, ज्याला जुने मिस्त्री डेल्को म्हणतात, त्याची टोपी क्लिप सोडवून बाजूला करायची आणि भावाला सेल्फ मारायला सांगायचा. आतला रोटर फिरतो का, एवढेच बघायचे. मारुती ८०० मध्ये डेल्को कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेला असतो आणि कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टवर फिरतो. रोटर गोल फिरला म्हणजे बेल्ट शाबूत. रोटर जागचा हलला नाही तर बेल्ट तुटला, मग पुढचे काहीच करू नये, सेल्फही मारू नये. बेल्ट तुटलेल्या गाडीचा आवाजही वेगळा येतो, दम न लागता भुर्रकन फिरल्यासारखा, कारण दाबच तयार होत नसतो. फोनवर पोरीचा आवाज आला, “फिरला, चाचा!” मी अल्हम्दुलिल्लाह म्हटले. मोठ्या खर्चाची एक शक्यता अर्ध्या मिनिटात गेली.

दुसरी तपासणी प्लग. या गाडीला सिलिंडर तीन, म्हणून प्लग तीन. वायरी काढण्याआधी त्यांना खूण करायची, कारण त्या अदलाबदल झाल्या तर चांगली गाडीही फटाके फोडते आणि चालत नाही. तिने शिलाईच्या मशीनवरचे दोरे आणले, पहिल्या वायरीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. मला हे सुचले नसते. आम्ही आपले चुन्याने आकडे काढायचो. प्लग पान्याने बाहेर काढले तर तिन्ही ओले, काळे, पेट्रोलचा वास मारणारे.

ओला प्लग ही खबर चांगली असते. पेट्रोल टाकीतून निघून, पंपातून, कार्बोरेटरमधून थेट सिलिंडरपर्यंत पोचते आहे. म्हणजे पेट्रोल नाही ही शंका जवळजवळ मिटली, आणि संशय ठिणगीवर आला. प्लग कोरडा ठणठणीत निघाला असता तर उलटे. मग कार्बोरेटरकडे वळायचे. या गाडीच्या कार्बोरेटरला बाजूला एक बारकी काच असते, तिच्यात पेट्रोलची पातळी गोल खुणेपाशी दिसायला हवी. काच रिकामी दिसली तर पंपाचा पाइप कार्बोरेटरकडून सोडायचा, त्याचे टोक काचेच्या बाटलीत धरायचे, कॉइलची वायर काढून ठेवायची म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि सेल्फ मारायचा. पंप चांगला असेल तर पिचकारीसारखे थांबून-थांबून पेट्रोल येते. पंपाला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात, त्याचा थंड हवेच्या एसीशी काही संबंध नाही. त्यातला रबरी पडदा फाटला की पेट्रोल येत नाही. बहुतेक वेळा पंपाआधीचा पाइपच चिरलेला असतो आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत बसतो.

आपल्या गाडीत हा सगळा भाग नीट होता, म्हणून ठिणगी. प्लग फडक्याने पुसून त्याच्या वायरीत बसवायचा, त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवायचे, रबरी मुठीच्या पकडीने धरायचे, आणि सेल्फ. दोन खबरदाऱ्या आहेत. बॉनेट आधी पंधरा मिनिटे उघडे ठेवून पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची, आणि ज्या भोकातून प्लग काढला त्याच्या जवळ ठिणगी पाडायची नाही, कारण त्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो. शिवाय वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये. पॉइंटच्या गाडीत एक वेळ चालून जाते, पण नंतरच्या काही गाड्यांत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असतो, तो त्याने जळू शकतो.

निरोगी ठिणगी निळी आणि जाड असते, दिवसाउजेडीही दिसते, ‘चट्’ असा आवाज करते. हिला दिसली ती पिवळट, बारीक, कधी पडे कधी नाही. तिन्ही प्लगांना तसेच. एका प्लगची ठिणगी वाईट असेल तर दोष त्या प्लगाचा किंवा त्याच्या वायरीचा. तिन्हीची वाईट असेल तर दोष त्यांच्या मागे, डेल्कोत, कॉइलमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये.

डेल्कोची टोपी उलटी करून बघ म्हटले. आत दमट, पांढुरकी बुरशी धरल्यासारखी. कोकणातल्या पावसाळ्यात समुद्राच्या हवेला साडेचार महिने उभी राहिलेली गाडी, दुसरे काय होणार? टोपी कोरड्या कपड्याने पुसून उन्हात ठेवली. मग पॉइंट. हे दोन बारके तुकडे असतात, इंजिन फिरताना एकमेकांपासून सुटतात आणि मिटतात, आणि सुटण्याच्या त्या क्षणी कॉइल ठिणगी देते. त्यांच्या तोंडावर जंगाची पातळ साय धरली की वीजच पुढे जात नाही. चावी बंद ठेवून, बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटच्या मध्ये धरून चार-पाच वेळा ओढायची, मग स्वच्छ कोऱ्या कागदाची पट्टी ओढून भुकटी काढायची. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट हवी. फीलर गेज शेजारच्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्याकडे मिळाला. ही सगळी मेहनत अर्ध्या तासाची आणि खर्च पॉलिश पेपरचा.

या कामात चावी चालू ठेवून कुणी विसरू नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत वीज वाहत राहते, कॉइल तापते, आणि मग जो रोग नव्हता तो आपण लावून घेतो.

पुन्हा ठिणगी पाहिली. निळी! पोरगा फोनवर ओरडला तो मला पलीकडून ऐकू आला.

आता लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. तिला मी थांबवले, आणि त्याचे कारण माझ्याच घरातले आहे. माझ्या तरुणपणी आमच्याकडे फियाट होती, पद्मिनी. रमजानचा महिना, तरावीह आटोपून घरी आलो तर बहिणीला कळा सुरू झालेल्या. मी घाईघाईने चोक पूर्ण ओढला आणि ॲक्सिलरेटर पंधरा-वीस वेळा दाबला. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन बंद असले तरी पायाच्या प्रत्येक दाबाला पेट्रोलची एक पिचकारी आत जाते, हे मला माहीत होते. मी मिस्त्री होतो! पण घाबरलेल्या माणसाच्या पायाला अक्कल नसते. गाडी ओव्हरफ्लो झाली. मी सेल्फ मारत राहिलो, बॅटरी बसली, आणि बहिणीला शेजारच्या काकांच्या जीपने न्यावे लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप. सकाळी फजरनंतर त्याच गाडीने एका सेल्फला सुरू होऊन माझी लाज काढली. तिच्यात बिघाड काहीच नव्हता.

तेव्हा ओव्हरफ्लो झालेल्या गाडीचे नीट लक्षात ठेवावे. चोक पूर्ण आत. दहा-पंधरा मिनिटे बॉनेट उघडे. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरायचा, पाय वरखाली करायचा नाही, आणि सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारायचा नाही. अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा. पाय दाबून धरला की हवा भरपूर जाते आणि जास्तीचे पेट्रोल वाहून निघते. काही मंडळी ओला प्लग स्वयंपाकाच्या गॅसवर भाजतात. पेट्रोलने भिजलेली वस्तू घेऊन चुलीपाशी जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे. फडक्याने पुसा, तारेच्या ब्रशने घासा, उन्हात ठेवा.

आमच्या गाडीत आणखी एक अडचण होती, जुने पेट्रोल. पेट्रोलमधला लवकर पेटणारा हलका भाग उभ्या गाडीत उडून जातो, मागे राहते ते जड आणि चिकट. वासच सांगतो, ताज्या पेट्रोलसारखा झणझणीत नसतो, रंगाच्या दुकानातल्यासारखा येतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि इतक्या जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा हे काही त्यासाठी बनवलेले नव्हते. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी करू नये आणि पाइप दरवर्षी बोटांनी दाबून पाहावेत. मऊ, फुगलेला किंवा चिरा गेलेला पाइप बदलावा. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आवतण.

जुने पेट्रोल काढले, दोन लिटर ताजे घातले. एअर फिल्टर उघडला तर आत उंदराचे घर, अब्बांच्या जुन्या रुमालाच्या चिंध्यांसह. ते काढले. उंदराने वायरी कुरतडल्यात का तेही पाहिले, नव्हत्या. ऑइलची पट्टी काढून हुंगायला सांगितली. बरेच दिवस ओव्हरफ्लो होणाऱ्या इंजिनात पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते, पट्टीवरची पातळी उगाच वाढलेली दिसते. तसे ऑइल घालून गाडी पळवली तर ‘बोअरचे काम’ खरोखरच निघते. हिच्या ऑइलला थोडा वास होता, म्हणून बदलायला लावले. या सगळ्यात मोठा खर्च हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. चोक ओढला, पाय एकदा दाबून सोडला, बिस्मिल्लाह म्हणून सेल्फ. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा सायलेन्सरमधून एक बार निघाला आणि कोंबड्या पळाल्या. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली, थरथरत, पांढरा धूर सोडत. अम्मींचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा फोनवर ऐकला. त्या मुलीला म्हणाल्या, “चोक हळूहळू आत घे गं, तुझे अब्बा तसंच करायचे.”

गाडी अजून पूर्ण बरी नाही. चोक आत घातला की सावकाश चालताना बंद पडते. जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा अडकला असणार. कार्बोरेटर उतरवून, खोलून धुवावा लागेल, आणि ते काम फोनवर सांगून करण्यासारखे नाही. फ्लोट आणि नीडल नाजूक असतात. तालुक्याला एक वयस्कर मिस्त्री सापडला आहे, ज्याच्या टपरीत अजून पॉइंट, कंडेन्सर मिळतात. त्याच्याकडून कॉम्प्रेशनही मोजून घ्यायला सांगितले आहे. गेजचा आकडा तिन्ही सिलिंडरचा कागदावर लिहून आणायचा, मग बोअरचे काम आहे की नाही हे कुणाच्या तोंडच्या शब्दावर राहणार नाही. तो कागद कुवेतला जाईल. गाडी ठेवायची की विकायची हे मग चौघांनी मिळून ठरवावे. विकायची ठरली तरी भाव चालू गाडीचा सांगावा, आणि तिचे दोषही गिऱ्हाइकापासून लपवू नयेत.

कागदांवरून आठवले. मालकाचा इंतकाल झाला की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. इद्दतच्या काळात हे बहुतेक घरांत राहून जाते, इथेही राहिले. उशीर झाला म्हणून घाबरू नये, पण त्याआधी गाडी रस्त्यावर काढूही नये. विमा अजून मरहूमांच्याच नावावर असतो, आणि अपघात झाला तर भरपाईचा वाद तिथूनच सुरू होतो. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, आरसी आणि विम्याचे कागद घेऊन जावे. १९९२ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आले. पुढचे २०२७ मध्ये, आणि जुन्या गाड्यांची ती फी आता पूर्वीसारखी किरकोळ राहिलेली नाही. गाडी ठेवायचा हिशेब मांडताना भावंडांनी तीही धरावी. तोवर अम्मींना एखाद-दुसऱ्या महिन्याला रिक्षानेच जावे लागेल.

तुमच्याकडेही जुनी गाडी उभी असेल तर पत्रात एवढे लिहा: साल कोणते, किती दिवस उभी होती, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो, प्लग ओला निघतो की कोरडा. पुढच्या महिन्यात बॉलकॉक, इन्शाअल्लाह.